शहर एका खात्याचे नव्हे

शहराचा अभ्यास हे तज्ज्ञाचे काम आहे, आणि तज्ज्ञ म्हणजे नगररचनाकार, अभियंता, वाहतूकशास्त्री आणि अलीकडे संगणकावर आकडे चाळणारा विश्लेषक, असे एक मत सध्या आपल्याकडे प्रतिष्ठित आहे. ते परिसंवादांत ऐकू येते, विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांत गृहीत धरले जाते, अग्रलेखांतून डोकावते. इतिहासकाराने जुन्या वास्तूंविषयी लिहावे, समाजशास्त्रज्ञाने विस्थापितांची नोंद ठेवावी, साहित्यिकाने गर्दीवर कथा लिहाव्यात; त्याला कोणाची ना नाही. पण शहर कसे चालते आणि कसे चालवावे या प्रश्नाच्या वाटेला त्यांनी जाऊ नये. या सर्वांना एकत्र बसवून शहर शिकवणे, आणि तेही चिकित्सक दृष्टीने, म्हणजे विद्यार्थ्यांचा वेळ वाया घालवणे होय, असा या मताचा निष्कर्ष आहे.

हे मत अपुरे आहे असे म्हणून सोडून देता आले असते. ते चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. निवाडा अर्थात वाचकांनी करायचा आहे. म्हणून आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे भाग आहे.

पूर्वपक्षाचे चार मुद्दे आहेत. पहिला असा की, शहराचे मूळ प्रश्न तांत्रिक असतात. पाणी किती लागेल, मैला कुठे जाईल, पूल किती भार सोसेल, याची उत्तरे गणिताने मिळतात. समाजाचा विचार अंमलबजावणीच्या वेळी करता येतो. दुसरा मुद्दा शिस्तीचा. प्रत्येक ज्ञानशाखेची स्वतःची पद्धत असते आणि ती अंगी बाणायला वर्षे लागतात. चार शाखा एकत्र केल्या की विद्यार्थ्याला चारही अर्धवट येतात. तिसरा मुद्दा उपयोगाचा. चिकित्सक अभ्यास दोष दाखवतो, बांधत काही नाही, आणि वाढत्या शहरांना बांधणारे हात हवे आहेत. चौथा मुद्दा असा की, हे सारे पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या विद्यापीठांतून आलेले वारे आहे. आपल्या मातीत त्याला मूळ नाही.

यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? १८६० साली विहार तलावाचे पाणी मुंबईत आले नसते आणि १८९२ साली तानसाचे आले नसते, तर मुंबई आज आहे ती राहिली नसती. ही अभियंत्यांची पुण्याई आहे. चिकित्सक म्हणवणारे पुष्कळसे लेखन अकारण दुर्बोध असते, हेही खरे. दोन फ्रेंच नावे आणि तीन न समजणारी विशेषणे जोडली की विश्लेषण होत नाही. प्रतिपक्षाचा हेतू स्वच्छ आहे: शहरे राहण्याजोगी व्हावीत. हेतूवर वाद नाही. वाद मार्गावर आहे.

आता एकेक मुद्दा घेऊ.

शहराचे प्रश्न मुळात तांत्रिक असतात, हा पहिला दावा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुंबईत परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. पाऊस कोसळत होता, लोक जिन्यात आडोशाला थांबले होते, मागून येणाऱ्या गाड्या आणखी लोक ओतत होत्या. तेवीस माणसे गेली. चौकशीच्या भाषेत याचे कारण सोपे आहे: जिना अरुंद होता आणि गर्दी जास्त होती. तंत्रज्ञाचे उत्तरही सोपे आहे: पूल रुंद करा. पुढच्या काही महिन्यांत लष्कराच्या मदतीने तिथे नवा पूल उभाही राहिला.

पण गर्दी आली कुठून? हा प्रश्न पुलाच्या आराखड्यात नाही. त्यासाठी गिरणगावात शिरावे लागते. ही दोन्ही स्थानके गिरण्यांच्या भोवऱ्यातली. गिरणी कामगाराला रेल्वेची गरज फारशी नसे, कारण तो गिरणीच्या भोंग्याच्या अंतरावर, चाळीत राहत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटला नाही. विरत गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही. राहिली ती जमीन, सुमारे सहाशे एकर, शहराच्या ऐन मध्यावर.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने या जमिनीची वाटणी ठरवली. ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने या जमिनींचा सलग, एकत्रित विचार करावा असा अहवाल दिला. मग २००१ साली नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची न होता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या भागाची व्हायची असे ठरले. गिरणीची इमारत पाडून मोकळी होणारी जागा हिशेबातून सुटली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथे नागरिकांच्या बाजूने निकाल लागला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ चा नियम कायम केला. परळ आणि प्रभादेवीत काचेचे मनोरे उभे राहिले. त्यांत काम करणारे लोक तिथे राहत नाहीत. ते डोंबिवलीहून, विरारहून, पनवेलहून येतात, आणि तेव्हा रोज सकाळी एका ठरावीक अर्ध्या तासात त्या जुन्या जिन्यावर उतरत.

संप हा कामगार-इतिहासाचा विषय. नियमातली दुरुस्ती कायद्याचा विषय. जमिनीची किंमत अर्थशास्त्राचा. कामाची जागा आणि राहण्याची जागा यांची फारकत भूगोलाचा. जिन्याची रुंदी अभियांत्रिकीचा. यातला फक्त शेवटचा विषय शिकलेला माणूस त्या पुलावर उभा राहिला तर त्याला काय दिसेल? अरुंद जिना दिसेल. तो रुंद करून तो समाधानाने घरी जाईल, आणि शेजारच्या स्थानकावर तेच पुन्हा घडण्याची तयारी चालू राहील. जिना अरुंद होता हे खरेच आहे. पण ते कारण नव्हे. ते कारणांच्या साखळीतले शेवटचे टोक आहे.

प्रतिपक्ष म्हणेल, हा अपवाद. मग दुसरे उदाहरण घेऊ, तेही निव्वळ पाण्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. मुंबईची पर्जन्यजल-गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. एवढ्यावर प्रकरण हवामानशास्त्र आणि जलशास्त्राच्या हाती सोपवता येईल. पण गटारांची क्षमता दुप्पट करावी, असे सांगणारा सविस्तर तांत्रिक अहवाल १९९३ सालीच तयार होता. उत्तर काढले गेले होते, ते बरोबर होते, आणि ते बारा वर्षे कागदावर राहिले. का? मिठी नदीच्या काठावर भराव कोणी घातला, विमानतळाच्या धावपट्टीखाली तिला कोणी कोंडले, तिला नदी न म्हणता नाला म्हणण्याची सोय कोणाला झाली? ही उत्तरे जलशास्त्रात नाहीत. ती सत्तेच्या आणि पैशाच्या अभ्यासात आहेत. ज्या ज्ञानाला आपलेच बरोबर उत्तर का अंमलात येत नाही हे सांगता येत नाही, ते स्वतःला पुरेसे कसे म्हणवेल?

समाजाचा विचार मागाहून करता येतो, हे पहिल्या मुद्द्याचेच शेपूट. त्याची परीक्षा आपल्या शहरांत एकदा झाली आहे, आणि भयंकर रीतीने झाली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. सरकारकडे डॉक्टर होते, अभियंते होते, अधिकार होते. रोगी वेगळा काढणे, घर निर्जंतुक करणे, यांत वैद्यकीयदृष्ट्या वावगे काहीच नव्हते. पण ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. इस्पितळ म्हणजे मरण, आणि तेही परक्यांच्या हातून, अशी लोकांची समजूत होती. ती कोणी अभ्यासली नव्हती. पुण्यात पुढच्या वर्षी गोऱ्या सोल्जरांनी घरोघर झडत्या घेतल्या, बायकांच्या अब्रूची आणि देवघराच्या सोवळ्याची पर्वा न करता. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. रोग शोधण्याच्या उपायानेच रोग दडला. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग-बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, हा त्या उपायाचा राजकीय शेवट. आरोग्याचा शेवट तर त्याआधीच झाला होता.

याच्या शेजारी इंदूर ठेवून पाहा. पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, होळकर दरबारच्या निमंत्रणावरून १९१७-१८ च्या सुमारास इंदूरचा आराखडा करत होते. तिथेही प्लेग होता. त्यांनी झडत्या घेतल्या नाहीत. दिवाळीची मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केले की, यंदा मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील, त्या रस्त्यांवरून जाईल. शहरभर झाडलोट सुरू झाली, गाड्या भरभरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून सन्मानाने चालणारे सफाई कामगार होते. शेवटी राक्षसाचे दहन झाले.

दोन्हीकडे रोग तोच, वैद्यकही जवळजवळ तेच. पुण्यात समाज हा अडथळा मानला गेला. इंदुरात तोच उपायाचे साधन झाला. समाजाचा विचार मागाहून केला तर काय होते आणि आधी केला तर काय होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

दुसरा मुद्दा शिस्तीचा. आंतरविद्याशाखीय म्हणजे सैल, असा आरोप आहे. त्याचे उत्तर तत्त्वाने देण्यापेक्षा कामाने देऊ. पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची पाहणी केली. १९४५ साली तिचा आर्थिक भाग प्रसिद्ध झाला, १९५२ साली सामाजिक. घरोघरचे उत्पन्न, व्यवसाय, भाडे, जात, कुटुंबाची रचना, स्थलांतर. एकाच शहराकडे दोन शास्त्रांच्या नजरेने पाहणारा आणि आकड्यांत कुठेही ढिलाई न करणारा हा ग्रंथ. कोणत्या अर्थाने तो सैल आहे?

आता अगदी जवळून एक गोष्ट पाहू. मुंबईच्या वस्त्यांत पाणी चोवीस तास नसते; वाटून दिलेल्या वेळी येते. त्या वेळी पालिकेचा चावीवाला येतो, रस्त्यातले लोखंडी झाकण उचलतो, हातभर लांब चावी झडपेत अडकवतो आणि आटे मोजत फिरवतो. किती आटे, किती वेळ, कोणती झडप आधी, हे त्याला सरावाने ठाऊक असते. नळात दाब येतो की नाही हे त्या आट्यांवर ठरते. निखिल आनंद या मानववंशशास्त्रज्ञाने मुंबईच्या पाणीपुरवठ्यावर जे पुस्तक २०१७ साली प्रसिद्ध केले, त्यात अभियंते, चावीवाले, प्लंबर, नगरसेवक आणि हंडे घेऊन थांबलेल्या बायका एकाच चित्रात येतात. पाण्याचा नकाशा कार्यालयात असतो. पाण्याचे वितरण या साऱ्यांच्या हातात असते. जलवाहिन्यांचे शास्त्र येत नसेल तर हा अभ्यास करता येत नाही, आणि वस्तीत वर्षानुवर्षे बसण्याची तयारी नसेल तरीही येत नाही. म्हणजे इथे शिस्त दुप्पट लागली. अर्धी नव्हे.

उलट एकाच शास्त्राच्या शिस्तीने काय सुटते तेही पाहा. सार्वजनिक स्वच्छतागृहांचा हिशेब प्रशासन शौचकूपांच्या संख्येने करते. संख्या बरोबर असू शकते. पण मुंबईत २०११ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या चळवळीने साधी गोष्ट समोर आणली: पुरुषाला लघवीसाठी पैसे पडत नाहीत, बाईला पडतात. तक्त्यात हा रकानाच नव्हता. त्याच वर्षी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे मुंबईतल्या स्त्रियांच्या वावरावरचे पुस्तक आले. एक समाजशास्त्रज्ञ, एक पत्रकार, एक वास्तुरचनाकार. बाईला रस्त्यावर काम असले तरच ती तिथे दिसावी, नुसते रेंगाळायला नव्हे, ही अलिखित अट त्यांनी बाकांच्या मांडणीत, दिव्यांच्या जागेत आणि लोकांच्या नजरेत एकाच वेळी शोधली. यातली एक जरी वजा केली असती तर पुस्तक अपुरे राहिले असते.

आणि पाण्याचा प्रश्न केवळ पुरवठ्याचा असतो असे ज्यांना वाटते त्यांनी महाडकडे पाहावे. महाड ही नगरपालिका होती. तळे होते, तळ्यात पाणी होते, आणि १९२४ साली ते अस्पृश्यांसह सर्वांना खुले करण्याचा ठरावही झालेला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह त्या तळ्यावर जावे लागले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कोणत्या जलअभियांत्रिकीच्या पुस्तकात या तुटवड्याचे सूत्र सापडेल? तो प्रश्न संपला असेही कोणी समजू नये. अमुक सालानंतरच्या झोपडीला पाणी द्यायचे की नाही, यावर मुंबईत उच्च न्यायालयापर्यंत भांडावे लागले आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाला सांगावे लागले की झोपडी बेकायदा असली तरी माणसाचे पाणी तोडता येत नाही.

तिसरा मुद्दा: चिकित्सा बांधत काही नाही. हा आरोप वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण नवी मुंबई कुठून आली? १९६० च्या दशकात मुंबईचा जो अधिकृत विकास आराखडा झाला, तो उत्तरेकडे, आहे त्याच पट्टीत शहर लांबवणारा होता. त्यावर चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल, म्हणजे दोन वास्तुरचनाकार आणि एक अभियंता, यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकातून टीका केली आणि खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. ते शहर वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. टीका आधी, बांधकाम नंतर. ज्यांना बांधकाम हवे आहे त्यांनी या क्रमाकडे डोळेझाक करू नये.

आणि जिथे चिकित्सा थांबली तिथे काय झाले, हेही नवी मुंबईच सांगते. आराखड्यात खाडीपलीकडची जमीन मोकळी दिसत होती. तिथे पंचाण्णव गावे होती. आगरी आणि कोळी होते, भातशेती होती, मिठागरे होती. भूसंपादनाच्या मोबदल्याचा प्रश्न दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली पेटला आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना देण्याची योजना त्यानंतर आली. ही योजना आज नगररचनेच्या अभ्यासक्रमात उत्तम पद्धत म्हणून शिकवली जाते. ती कोणत्या आरेखनाच्या टेबलावर सुचली नव्हती. ती आंदोलनातून मिळाली. मग आंदोलन हा नगररचनेच्या विद्यार्थ्याने शिकायचा विषय आहे की नाही?

इथे प्रतिपक्ष नवे शस्त्र काढतो. जुन्या चुका अज्ञानातून झाल्या, आता उपग्रहाची चित्रे आहेत, संगणकीय नकाशे आहेत, विदा आहे. ठीक. २०१५ सालच्या मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा याच साधनांनी झाला होता. तो प्रसिद्ध होताच नागरिकांनी, वास्तुरचनाकारांनी, वॉर्डावॉर्डांतल्या संघटनांनी चुकांची यादी पुढे केली: वारसावास्तू गायब, प्रार्थनास्थळांच्या चुकीच्या नोंदी, उभ्या इमारतींतून गेलेले रस्ते. हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने करायला सांगितला आणि आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडले. वरून पाहणाऱ्या डोळ्याला कौले दिसतात. कौलांखाली कोळीवाडा आहे, गावठाण आहे की झोपडपट्टी, हे खाली उतरल्याशिवाय कळत नाही. आणि तिन्हींचे कायदेशीर हक्क वेगवेगळे आहेत. विदा हवी. ती कोणी गोळा केली, काय विचारून केली आणि कोणाला वगळून केली, हे विचारणारा माणूसही हवा.

चौथा मुद्दा परकेपणाचा. इथे प्रतिपक्षाने इतिहासाशी अगदीच फटकून वागायचे ठरवले आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे. त्यात बेटांची भूमी आहे, किल्ला आहे, बाजार आहेत, जातिजमाती आहेत, पाणी, रोगराई, गिरण्या, रेल्वे, छापखाने, देवळे आणि दुकाने आहेत. त्यांना कोणी सांगितले नव्हते की यांतले हे तुमच्या खात्यात येते आणि ते येत नाही. १८८९ साली मोरो विनायक शिंगणे आणि बाळकृष्ण बापू आचार्य यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला, त्याच व्यापक नजरेने लिहिलेला. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि बांधकामाचे कंत्राटदारही. त्यांना चुना-विटांचा भाव ठाऊक होता. आणि तरी पुण्यात भव्य मंडई उभारण्याला त्यांनी विरोध केला, कारण तो पैसा शिक्षणावर आधी खर्च व्हावा असे त्यांचे मत होते. तंत्र जाणणाऱ्याने तंत्राला विचारलेला हा प्रश्न आहे. चिकित्सक अभ्यास दुसरे काय असतो?

विद्यापीठाचेच बोलायचे तर १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र असा जोड विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक तेच इंदूरचे पॅट्रिक गेडिस. १९२४ साली त्यांच्या जागी गोविंद सदाशिव घुर्ये आले. म्हणजे भारतीय समाजशास्त्राची एक मोठी परंपरा ज्या विभागात वाढली, त्याच्या पायातच शहराचा अभ्यास होता, आणि तो सुरू करणारा माणूस वनस्पतिशास्त्र, नगररचना आणि समाजशास्त्र यांच्यामध्ये भिंत मानत नव्हता. जे आपल्याच विद्यापीठात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाले, ते परके? परके काही असेल तर ती नंतर उभारलेली भिंत आहे.

उरला प्रश्न अध्यापनाचा, कारण शेवटी वाद वर्गातच निकाली निघायचा आहे. शालेय नागरिकशास्त्रात मुले महापालिकेची रचना, महापौराची निवड, समित्यांची नावे पाठ करतात. भूगोलात नागरीकरणाची टक्केवारी येते, इतिहासात संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो. तिन्ही पुस्तके एकाच दप्तरात असतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. महाविद्यालयात दुरावा वाढतो: स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ५८ वा नियम ठाऊक नसतो आणि मराठीच्या विद्यार्थ्याला गिरणगावावरचे नाटक वाचताना चटईक्षेत्र म्हणजे काय ते माहीत नसते. मीना मेनन आणि नीरा आडारकर, म्हणजे कामगार चळवळीतली एक कार्यकर्ती आणि एक वास्तुरचनाकार, यांनी मिळून गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ साली ग्रंथरूपात आणला. त्यात कामगारांच्या आवाजाइतकीच चाळीच्या रचनेची जाण आहे. असे दोन विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात भेटतात कुठे?

उपाय अवघड नाही. एका सत्रासाठी एक स्थानक, एक वॉर्ड किंवा एक नळ निवडावा. अभियांत्रिकीच्या मुलाने दाब मोजावा, कायद्याच्या मुलीने नियम आणि निकाल वाचावेत, इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुन्या नगरपालिकेचे कागद काढावेत, मराठीच्या विद्यार्थिनीने लोकांच्या मुलाखती घेऊन लिहाव्यात. प्रत्येकाची परीक्षा त्याच्या शास्त्राच्या कसोटीवर आणि शेवटचा अहवाल सर्वांच्या सहीचा. यात कोणाचे शास्त्र पातळ होते? फक्त एवढेच होते की, आपल्या शास्त्राच्या उत्तराला दुसऱ्या शास्त्राने विचारलेला प्रश्न त्याला ऐकावा लागतो.

असे शिकून नोकरी मिळेल का, ही शंका प्रामाणिक आहे. तिचे उत्तर खुद्द कायद्यात आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात, आणि त्यांवर सुनावणी घ्यावी लागते. म्हणजे ज्या नगररचनाकाराला लोकांचे म्हणणे समजत नाही, तो आपल्या नोकरीतले अर्धे काम करूच शकत नाही. कायद्याने ज्याला ऐकायला बसवले आहे, त्याला आपण ऐकायचे शिक्षण देत नाही. अव्यवहारी कोण?

पूर्वपक्षाचे चार खांब असे होते. पहिला परळच्या जिन्यावर, मिठीच्या काठी आणि पुण्याच्या प्लेगमध्ये कोसळतो. दुसरा गाडगीळांच्या पाहणीपुढे आणि चावीवाल्याच्या आट्यांपुढे टिकत नाही. तिसऱ्याला नवी मुंबईने उत्तर दिले आहे, एकदा स्थापनेने आणि एकदा रक्ताने. चौथा १८६३ पासूनच खोटा आहे.

पुराव्याचा भार आता प्रतिपक्षावर आहे. त्यांनी आपल्या शहरांच्या इतिहासातला एक, फक्त एक, मोठा प्रश्न दाखवावा जो एकाच शास्त्राने पाहिला, एकाच शास्त्राने सोडवला आणि पुन्हा उद्भवला नाही. विहारचे पाणी ते दाखवतील, आणि ते दाखवावेच. मग त्याच पाण्यासाठी एकविसाव्या शतकात न्यायालयाची पायरी का चढावी लागली, तेही त्यांनी सांगावे. ते सांगू लागतील तेव्हा त्यांना इतिहास लागेल, कायदा लागेल, समाजशास्त्र लागेल. म्हणजे आपली बाजू मांडायला त्यांना आमच्याकडेच यावे लागेल. वाचकहो, निकाल आपण द्यावा.